जिंकलं तर आमचं, गळलं तर तुमचं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. ते ज्या हॅमिल्टन काउंटीत येतं, त्या काउंटीने, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याने, 1997 साली एक करार केला. समोरचा पक्ष होता बेंगल्स, अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ. स्टेडियम जनतेच्या पैशाने बांधायचं, संघाने त्यात भाड्याने खेळायचं आणि डागडुजी, सुधारणा, नवी यंत्रं हा सगळा खर्च काउंटीने सोसायचा. करार करणाऱ्या वकिलांनी पुढच्या काळाचीही तजवीज करून ठेवली होती. उद्या विज्ञानाने प्रगती केली आणि खेळाचा रिप्ले होलोग्रामने हवेत दाखवणारं यंत्र निघालं, तर तेही काउंटीनेच बसवून द्यावं, अशी तरतूद त्यात आहे.

1997 साली आपल्याकडे इंटरनेट लावायचं तर घरातल्या सगळ्यांना फोनपासून दूर बसवावं लागे. त्या काळात ज्या वकिलाला होलोग्राम सुचला, त्याच्या फीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपले वकील भाडेकरारात फार तर पंखे आणि ट्यूबलाइट मोजून लिहितात. या गृहस्थाने अजून न लागलेले शोध मोजून लिहिले, आणि समोरच्या सरकारी बाजूने खाली सही केली.

पागडीच्या चाळीत वाढलेल्या माणसाला या प्रकरणात एक ओळखीचा वास येतो. भाडं नावापुरतं, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. दुरुस्ती नाही, म्हणून भाडेकरू भाडं वाढवत नाही. आणि गच्ची दोघांची वाट न पाहता गळत राहते. फरक एवढाच की सिनसिनाटीत भाडेकरू अब्जाधीश आहे आणि मालक म्हणजे खरेदी करताना विक्रीकर भरणारी जनता. उत्पन्नाचा विषय निघाला की भाडेकरू मालकासारखा बोलतो. जाहिराती त्याच्या, खाद्यपदार्थांचे गाळे त्याचे, स्टेडियमला कंपनीचं नाव देऊन मिळणारे पैसेही बहुतेक त्याचेच. गळतीचा विषय निघाला की त्याला एकदम आठवतं, अरे, आपण तर इथे भाड्याने राहतो!

असा करार कुणी शुद्धीवर असताना कसा करेल, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एका धाकात आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज फक्त 32 संघ आहेत आणि संघ हवा असलेली शहरं त्याहून जास्त. नवा संघ कुणाला आणि कधी द्यायचा, हे लीगचे मालकच ठरवतात, त्यामुळे ही टंचाई त्यांच्याच कोठारात नीट जपून ठेवलेली असते. 1995 च्या नोव्हेंबरात शेजारच्या क्लीव्हलंडचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला निघाल्याचं जाहीर झालं आणि ओहायोभर सुतक पडलं. बेंगल्सचे मालक माइक ब्राउन यांनीही बाल्टिमोरचं नाव घेऊन ठेवलं होतं. तेव्हा मार्च 1996 मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर वाढवायला मोठ्या बहुमताने होकार दिला. मत गोड लागावं म्हणून घरमालकांना मालमत्ता करात सवलत मिळेल, असं आश्वासनही सोबत होतं.

लॉस अँजेलिसने तर या कामी राष्ट्रीय सेवा बजावली. 1995 ते 2015 या काळात एवढ्या मोठ्या शहरात एकही फुटबॉल संघ नव्हता, आणि लीगला त्याचा उपयोग संघ असण्यापेक्षा जास्त झाला. कुठलीही नगरपालिका आढेवेढे घेऊ लागली की मालकाने नुसतं लॉस अँजेलिसच्या विमानाचं तिकीट काढावं, संध्याकाळपर्यंत पालिकेला निधी सापडलेला असे. रिकामं राहून एवढी कमाई करून देणारा दुसरा प्लॉट जगात नसेल.

सिनसिनाटीचं स्टेडियम 2000 साली उघडलं. शेजारी बेसबॉलसाठी आणखी एक उभं राहिलं, दोन्ही त्याच अर्ध्या टक्क्यावर. मग विक्रीकराचं उत्पन्न अंदाजाइतकं वाढेना. संघाला भाडं फक्त 2009 पर्यंत द्यायचं होतं. त्यानंतर भाडं शून्य, आणि 2017 पासून सामन्याच्या दिवशीचा संघाचा खर्चही काउंटीने भरून द्यायचा. म्हणजे घरमालकच भाडेकरूला राहण्याचे पैसे देणार. मालमत्ता करातल्या सवलतीला कात्री लागली. काउंटीने आपलं सार्वजनिक रुग्णालय विकलं आणि त्या पैशाने स्टेडियमच्या निधीतलं भगदाड बुजवलं. खेळाने आरोग्य सुधारतं, हे शाळेत शिकलेलं वाक्य या काउंटीने बरंच महागात पडताळून पाहिलं.

आणि संघ? तो मन लावून हरत होता. नव्या स्टेडियमच्या तिसऱ्या हंगामात, 2002 साली, त्याने 16 पैकी 14 सामने गमावले. बाद फेरीतला एक विजय पाहायला शहराला जानेवारी 2022 उजाडावं लागलं. मधल्या काळात आपण नक्की कशाची देखभाल करतो आहोत, हा प्रश्न करदात्यांना पडला असल्यास नवल नाही.

करार लिहिण्याच्या कलेत सेंट लुईसने मात्र सिनसिनाटीलाही मागे टाकलं. 1995 साली लॉस अँजेलिसचा रॅम्स संघ पळवून आणताना त्यांनी लिहून दिलं की आमचं बंदिस्त स्टेडियम 2005 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये लीगमधल्या पहिल्या पंचवीस टक्क्यांत असेल. नसल्यास संघाला करार मोडायची मुभा. या कलमाचं सौंदर्य शांतपणे पाहावं. स्टेडियम चांगलं ठेवणं एक वेळ शहराच्या हातात असतं. इतरांपेक्षा चांगलं ठेवणं इतरांच्या हातात असतं. डॅलसने मोठा पडदा लावला की सेंट लुईसचं छप्पर काहीही न होता जुनं होतं. सगळ्या शहरांनी असंच लिहून दिलं असतं तर 32 च्या 32 स्टेडियमना पहिल्या आठांत बसावं लागलं असतं. आपल्याकडे काही शाळांत प्रत्येक मूल वर्गात पहिलं येतं, पण तेवढी प्रगती अमेरिकेने अजून केलेली नाही.

2015 जवळ आलं. शहराच्या बाजूने सुमारे 12 कोटी 40 लाख डॉलरची सुधारणा सुचवली आणि त्यातला अर्धा भार संघाने उचलावा अशी अपेक्षा धरली. संघाने सुमारे 70 कोटींची योजना मांडली. लवाद बसला, आणि करारात जे लिहिलं आहे त्याप्रमाणे संघाचीच योजना बरोबर, असा त्याने 2013 मध्ये निवाडा दिला. शहराने खिसे तपासले आणि हात वर केले. 2016 च्या जानेवारीत रॅम्स लॉस अँजेलिसला परतले. स्टेडियमच्या कर्जरोख्यांचे हप्ते मात्र संघाबरोबर गेले नाहीत, ते त्यानंतरही काही वर्षं मिझुरी राज्य, शहर आणि काउंटी मिळून भरत राहिले. शहराने लीगवर दावा लावला आणि 2021 मध्ये 79 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या संघाकडून सेंट लुईसला झालेली ही बहुधा सर्वांत खात्रीची कमाई.

पुढचं योगायोगाने लिहिलं, मी लिहिलं असतं तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठवलं असतं. 13 फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला तो बेंगल्स विरुद्ध रॅम्स. जागा: रॅम्सच्या मालकांनी सार्वजनिक कर्जाशिवाय, खाजगी पैशाने बांधलेलं लॉस अँजेलिसचं नवं स्टेडियम. म्हणजे खाजगी पैशाने स्टेडियम बांधता येतं, हे सिद्ध करायला ज्या मालकाने सेंट लुईस सोडलं, त्याच्याच घरी सिनसिनाटीकर पोहोचले होते. आळीपाळीच्या नियमाने कागदोपत्री ‘यजमान’ होता बेंगल्स, त्यामुळे दुसऱ्याच्या खर्चाने उभ्या असलेल्या घरात यजमान म्हणून वावरण्याचा त्यांचा अनुभव तिथेही कामी आला असेल. रॅम्स 23–20 ने जिंकले.

संघ गमावल्यावर क्लीव्हलंड अधिक सावध झालं असेल असं वाटतं. पण क्लीव्हलंडची पद्धत वेगळीच आहे. तिथल्या कायहोगा काउंटीत 1990 पासून दारू-सिगारेटवर एक खास कर आहे. लोक त्याला सरळ पापाचा कर म्हणतात. बिअरच्या बाटलीमागे दीड सेंट, सिगारेटच्या पाकिटामागे साडेचार सेंट, आणि ही पुण्याई स्टेडियमच्या खात्यात. 2014 मध्ये मतदारांनी हा कर आणखी वीस वर्षं चालू ठेवला, या वेळी मुख्यतः मोठ्या दुरुस्त्यांसाठी. आता अडचण अशी की लोक सिगारेट सोडू लागले. आरोग्य खात्याची जाहिरात जितकी परिणामकारक, तितका दुरुस्तीचा निधी आटतो. एखाद्या म्हाताऱ्याने डॉक्टरचं ऐकून विडी टाकली की बेसबॉलच्या मैदानावरचा एखादा दिवा मिणमिणत असणार. अशा शहरात धूम्रपान करणाऱ्याला बाहेर पावसात उभं करणं हा कृतघ्नपणा आहे. त्याला खरं तर मानाच्या रांगेतली खुर्ची द्यायला हवी.

क्लीव्हलंडच्या बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या वास्तूंसाठी आणखी एक नियम आहे: पाच लाख डॉलरच्या वरची दुरुस्ती मोठी, ती सार्वजनिक खर्चाने, त्याखालची किरकोळ, ती संघाने करायची. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ठेकेदाराकडून घराचं काम करून घेतलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. इतकी मोहक रेषा आखून दिल्यावर किरकोळ दुरुस्तीला मोठं होण्याची महत्त्वाकांक्षा जडायला किती वेळ लागेल?

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गचं ट्रॉपिकाना फील्ड आधी बांधून झालं आणि मग संघाची वाट पाहत बसलं. इमारत 1990 ची, बेसबॉलचा रेज संघ आला 1998 मध्ये. 9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने तिचं कापडासारखं छप्पर फाडून नेलं. त्याच्या काही दिवस आधी आत आपत्कालीन सेवकांसाठी हजारो खाटा मांडल्या होत्या. सुदैवाने वादळाआधी त्यांना हलवलं होतं. आता करारानुसार दुरुस्ती शहराची. अंदाज साडेपाच कोटी डॉलरच्या पुढचा. गंमत अशी की शेजारीच 130 कोटींचं नवं स्टेडियम बांधून हे जुनं काही वर्षांतच पाडायचं, असं आधीच ठरलं होतं. म्हणजे पाडण्यासाठी राखून ठेवलेल्या इमारतीला आधी नवं छप्पर घालायचं होतं.

21 नोव्हेंबरला नगर परिषदेने छपरासाठी 2 कोटी 30 लाखांहून जास्त रक्कम मंजूर केली, आणि त्याच दिवशी काही तासांनी तो ठराव मागे घेतला. आपल्या नगरसेवकांना असा निर्णय फिरवायला किमान एक निवडणूक लागते, त्या मानाने हे प्रशासन चपळ म्हणावं. मधल्या हंगामात रेज संघ टॅम्पामध्ये यांकीज संघाच्या सरावाच्या मैदानावर उघड्या आकाशाखाली खेळला. मार्च 2025 मध्ये रेजने 130 कोटींच्या नव्या स्टेडियमच्या व्यवहारातून अंग काढून घेतलं. नवं गेलं आणि जुनं उरलं, म्हणून शेवटी शहराने छपराचे पैसे पुन्हा मंजूर केले.

सिअ‍ॅटलमध्ये किंगडोम नावाचा काँक्रीटचा घुमट होता. 1994 च्या जुलैत त्याच्या छतातल्या जड फरशा प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांवर कोसळल्या. कोट्यवधी डॉलर ओतून छत दुरुस्त केलं. मार्च 2000 मध्ये तोच घुमट सुरुंग लावून पाडला, आणि त्याच्यावरचं कर्ज फिटलं मार्च 2015 मध्ये. पंधरा वर्षं काउंटी नसलेल्या छताचे हप्ते भरत होती. कर्ज फेडण्याची ही उच्च कोटीची साधना आहे. समोर वस्तू नाही, उपभोग नाही, केवळ कर्तव्य. त्याच शहरात 2018 मध्ये बेसबॉलच्या मरिनर्स संघासाठी हॉटेलवरच्या कराचे 18 कोटी डॉलर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीला द्यायचा प्रस्ताव आला. विरोधकांचं म्हणणं, हे पैसे परवडणाऱ्या घरांना द्या. बरीच वादावादी होऊन आकडा साडेतेरा कोटींवर थांबला, आणि दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला.

या सगळ्याला ‘गुंतवणूक’ म्हणतात. संघाने नेमलेला सल्लागार अहवाल देतो की स्टेडियममुळे इतक्या हजार नोकऱ्या आणि इतक्या कोटींची उलाढाल होईल. दुसरीकडे रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये या विषयावर जाडजूड ग्रंथ संपादित केला, आणि तेव्हापासून त्या क्षेत्रातले बहुतेक अभ्यासक एकच गोष्ट सांगत आले आहेत: जनतेने घातलेला पैसा स्थानिक वाढीतून परत येत नाही. कारण साधं आहे. रविवारी सामन्याला गेलेलं कुटुंब त्या रविवारी सिनेमाला आणि उपाहारगृहात जात नाही. पैसा गावातलाच, फक्त खिसा बदलतो. शिवाय फुटबॉलचं स्टेडियम संघाच्या सामन्यांसाठी वर्षातून दहाएक दिवस वापरात येतं. उरलेले साडेतीनशेहून जास्त दिवस ते उभं राहून जुनं होण्याचं काम करतं, आणि तेही नेटाने.

अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, या प्रकाराला एकदा लगाम घालायचा प्रयत्न केला. 1986 च्या करसुधारणा कायद्यात ठरलं की स्टेडियमच्या कर्जाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्या उत्पन्नातून फिटत असेल, तर त्या कर्जरोख्यांना करमाफी नाही. अपेक्षा अशी की शहरं मग स्टेडियमच्या नादी लागणार नाहीत. शहरांनी कायदा वाचला, आणि संघाकडून दहा टक्क्यांपेक्षा कमीच घ्यायला सुरुवात केली. उरलेले नव्वद साहजिकच विक्रीकर, हॉटेलचा कर आणि सिगारेटवर आले.

हे वाचून आपण हसायला हरकत नाही, फक्त फार मोठ्याने नको. आयपीएलच्या सामन्यांना मुंबई पोलिसांचा बंदोबस्त लागतो, त्याचं शुल्क असतं, आणि त्याची थकबाकी वर्षानुवर्षं साचत गेली. 2023 मध्ये राज्य सरकारने हे शुल्क घसघशीत कमी केलं, आणि तेही मागे जाऊन, 2011 पासून लागू. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सरकारला त्याचं कारण विचारलं. क्रिकेट नियामक मंडळ गरीब आहे, असं कारण तर देता येत नव्हतं. भूतकाळात जाऊन सूट देणं हे होलोग्रामच्याही पुढचं तंत्रज्ञान आहे आणि ते महाराष्ट्राने विकसित केलं, याची नोंद व्हायला हवी.

मग जनतेने ठाम नकार दिला तर? कॅन्सस सिटीने तोही प्रयोग केला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या चीफ्स संघाने सुपर बोल जिंकला. लोक रस्त्यावर नाचले. दोन महिन्यांच्या आत, 2 एप्रिलला, मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीच्या त्याच लोकांपुढे चीफ्स आणि बेसबॉलचा रॉयल्स या दोघांच्या स्टेडियमसाठी विक्रीकर पुढे चालवण्याचा प्रस्ताव आला आणि सुमारे 58 टक्के मतदारांनी तो फेटाळला. प्रेम आहे, पण पावती आमच्या नावाने फाडू नका, असं इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

पण हे शहर राज्याच्या सीमेवर आहे. रस्ता ओलांडला की कॅन्सस राज्य. जूनमध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून नव्या स्टेडियमचा सत्तर टक्क्यांपर्यंत खर्च कर्जरोख्यांतून उचलायचा कायदा केला. पुढच्या वर्षी मिझुरीच्या विधिमंडळानेही पन्नास टक्क्यांपर्यंतची तयारी दाखवली. मतदारांनी एकदा नाही म्हटलं, आणि बदल्यात दोन राज्यांचं हो मिळालं. मालक मंडळींनी पुढे स्वतःच सार्वमतात आपल्याविरुद्ध प्रचार केला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सिनसिनाटीतला जुना भाडेपट्टा संपत आला, तेव्हा 2025 मध्ये नवा झाला. नूतनीकरणाचा अंदाज सुमारे 47 कोटी डॉलर, त्यातले 35 कोटी काउंटीचे. आधीच्या करारापेक्षा हा पुष्कळ बरा, असं काउंटीच्या प्रतिनिधींचं म्हणणं आहे, आणि ते खरंच आहे. त्या कराराहून वाईट काही लिहायला वकिलांची नवी पिढी जन्मावी लागली असती.

अशा करारांना माझी एका ओळीची सूचना आहे: जो ट्रॉफी उचलेल, त्यानेच गळतीखालची बादलीही उचलावी. कायद्याच्या दृष्टीने यात काही संदिग्ध नाही. तरीही वाटाघाटी सुरू होतील, दोन्हीकडचे वकील बसतील आणि आठ महिन्यांनी मसुदा येईल. त्यात ट्रॉफीचं कलम जसंच्या तसं असेल, आणि बादलीची किंमत पाच लाख डॉलरच्या वर गेलेली असेल.